फेजच्या वायरीवरची लाल खूण

सर्वांत आधी पास्कल परेरा यांचं नाव लिहितो. मी त्यांना काका म्हणतो. आईवडिलांनी मला कॉलेजपर्यंत पोचवलं आणि पास्कलकाकांनी तिथून पुढे हाताला धरून कामाला लावलं. आज मुलुंडमध्ये माझं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे, दोन मोठ्या सोसायट्यांचं देखभालीचं काम आहे. हे सगळं त्यांच्यामुळे. आणि बारा वर्षांपूर्वी याच माणसाने एका साध्या बटणापायी आपली हत्यारं कायमची खाली ठेवली. त्या बटणाबद्दलची एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती आणि मला माहीत होती. ती मी बोललो नाही.

या अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ असं सांगितलं गेलं, तेव्हा गमतीचे चार किस्से लिहून मोकळं व्हावं असं मनात होतं. ते किस्सेही लिहितो. पण लिहायला बसल्यावर हात दरवेळी त्याच बोर्डापाशी येऊन थांबतो. आता मला त्याचा कंटाळा आला आहे. लपवण्याचाही आणि आठवण्याचाही.

मी जामखेडचा. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला. विषय फिजिक्स. निकाल लागला तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका बुद्धवंदनेच्या वेळी फोटोसमोर ठेवली होती. पुढची दोन वर्षं ती तिथेच होती, कारण नोकरी कुठेच नव्हती. मग चुलतभावाने मुलुंडला बोलावलं आणि पास्कलकाकांसमोर उभं केलं.

काका मूळचे मढचे. लग्न झाल्यापासून कामासाठी मुलुंडला भाड्याच्या खोलीत राहत. मध्यम उंची, जाड चष्मा, खिशात कायम टेस्टर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय शिकलायस?”

“बी.एस्सी. फिजिक्स.”

“म्हणजे करंट कसा वाहतो ते माहितीय.”

“हो.”

“शॉक बसलाय कधी?”

“नाही.”

“मग काय घंटा माहितीय तुला,” काका म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात दिली. “चल, ग्रॅज्युएट.”

तेव्हापासून माझं नाव तेच. ‘ए ग्रॅज्युएट, पक्कड दे.’ ‘ग्रॅज्युएट, स्टूल धर.’ लोकांना वाटायचं ते माझी थट्टा करतात. करायचेच. पण प्रत्येक नव्या घरात शिरताना ते मुद्दाम सांगायचे, “हा माझ्याबरोबर आहे तो बी.एस्सी. आहे, साधा समजू नका.” माझ्या पदवीचा इतका अभिमान मला स्वतःलाही नव्हता.

घरातलं एक बटण बदलणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात क्षुल्लक काम. लोक म्हणतात, दोन स्क्रू तर काढायचे. काका मात्र त्या कामाला पूजेसारखे लागायचे. आधी घरातल्या सगळ्यांना सांगायचं की आता लाइट जाणार. मग टेस्टर चालू असलेल्या जागी लावून तो पेटतो का पाहायचं, कारण टेस्टरच मेलेला असेल तर तो सगळीकडे ‘करंट नाही’ असंच सांगणार. मग मेन बंद करायचा आणि जुन्या घरांत असतो तो चिनीमातीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा. हे महत्त्वाचं. घरातलं कुणीतरी ‘अरे, लाइट का गेली’ म्हणून येतं आणि मेन ओढतं. फ्यूज आपल्या खिशात असला की कुणी काही करू शकत नाही. त्यानंतर बोर्डात परत टेस्टर लावायचा. मग पुन्हा दुसरीकडे, चालू जागी, टेस्टर अजून जिवंत आहे ना याची खात्री करायची. त्यासाठी ते जिन्यातल्या दिव्यापर्यंत जाऊन यायचे. एवढं झालं की मग स्क्रूला हात.

आणि एक त्यांची खास पद्धत होती. ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही.

बोर्डात दोन मुख्य वायरी येतात. एक फेज, जिच्यात करंट असतो, आणि दुसरी न्यूट्रल. बटण नेहमी फेजच्या वाटेत बसवायचं. म्हणजे बटण बंद केलं की दिव्यापर्यंत करंट पोचतच नाही. चुकून न्यूट्रलच्या वाटेत बसवलं तरीही दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक दिसतं. फक्त दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये करंट उभा असतो. हात लावणाऱ्याची वाट बघत. जुन्या इमारतींतल्या वायरींचे रंग उडालेले, लाल काय नि काळी काय, सगळ्या धुरकट. म्हणून काका मेन बंद करायच्या आधीच टेस्टरने फेज शोधायचे आणि तिच्यावर टोकापासून चार बोटं मागे, जपून, नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. ते नेलपॉलिश त्यांच्या बायकोचं, रोझीमावशींचं. मावशी कायम ओरडायच्या, “माझ्या नखांना कधी लागलं नाही, मुलुंडच्या भिंतींना लागलं.” ती बाटली काका कुणाच्या हातात देत नसत. मला सहा वर्षांत एकदाही दिली नाही. “खूण लावली की ती खरी. त्यानंतर तपासायचं नाही, एवढी खरी पाहिजे.”

किस्से म्हणाल तर भरपूर आहेत. एक गृहस्थ मेन बंद करू देईनात, कारण त्यांच्या माशांच्या टाकीतला पंप थांबला असता. “पाच मिनिटांचं काम आहे हो, चालू लाइनवर करा ना. तुम्ही तर एक्सपर्ट.”

काका म्हणाले, “एक्सपर्ट आहे म्हणून जिवंत आहे. तुमचे मासे पाच मिनिटं श्वास धरतील.”

घाटकोपरच्या एका बाईंना दिव्याचं बटण पूर्वेच्याच भिंतीवर हवं होतं. तिथे भिंतभर खिडकी होती. काकांनी खिडकी उघडून बाहेर डोकावलं आणि विचारलं, “ताई, खिडकीबाहेर लावू का? कबुतरं लाइट लावतील.”

मढच्या एका बंगल्याच्या मालकाने तक्रार केली, नव्या बोर्डातलं एकही बटण चालत नाही. बंगला शूटिंगला भाड्याने दिलेला असायचा. आम्ही बोर्ड उघडला तर मागे कोरी भिंत. वायरच नाही. शूटिंगवाल्यांनी दाखवायला चिकटवलेला बोर्ड तो. मालक महिनाभर ती बटणं दाबत होते. काका परतीच्या बसमध्ये हसत राहिले. मध्येच डोळे पुसून म्हणायचे, “अरे, महिनाभर रे!”

तर आता त्या दिवसाकडे येतो.

सुमतीबाई मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. निवृत्त शिक्षिका. काका त्यांना ‘टीचर’ म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरातला जुना लाकडी बोर्ड बदलायचा होता. त्याच दुपारी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माझी मुलाखत होती. एका कारखान्याला देखभालीसाठी सुपरवायझर हवा होता, पदवीधर पाहिजे अशी अट होती. जागेची बातमी काकांनीच आणली होती. मी म्हटलं होतं, “तुमच्याबरोबर बरं चाललंय की.” ते चिडले. “बापाने शिकवलं ते स्टूल धरायला? गप जायचं.”

माझा इस्त्रीचा शर्ट बाईंच्या दाराला टांगलेला होता, प्लास्टरची धूळ बसू नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र पांघरलेलं. काकांनी मेन चालू असताना बोर्डाचं झाकण काढलं, टेस्टर लावला, म्हणाले, “उजवी फेज.” घड्याळ पाहिलं. नेहमीपेक्षा घाईने मेन बंद केला, फ्यूज खिशात टाकला आणि म्हणाले, “तू जुना बोर्ड उतरव. मी खाली जाऊन रिक्षा थांबवतो. या वेळी इथे रिक्षा मिळत नाही.”

खूण लावायची राहिली होती. त्यांच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

मी स्क्रू काढले. लाकडी बोर्ड जोर लावल्याशिवाय निघेना, म्हणून ओढला. तो निघाला आणि त्याच्याबरोबर दोन्ही वायरी उसळून बाहेर आल्या, एकमेकींत गुरफटल्या. दोन्ही सारख्याच काळपट. उजवी कुठली होती ते मला सांगता येईना.

करायचं काय ते मला माहीत होतं. मेन लावायचा, टेस्टरने फेज शोधायची, परत बंद करायचा. पण फ्यूज काकांच्या खिशात होता आणि काका तीन मजले खाली रस्त्यावर. मी खाली जायचं, त्यांना सांगायचं की मी वायरी मिसळल्या, ते वर येणार, दहा-पंधरा मिनिटं जाणार. मी शर्टाकडे पाहिलं. मग पिशवीतून ती बाटली काढली. एका वायरीचा वळसा मला उजवीकडचा वाटला. तिच्यावर लाल ठिपका दिला, आणि त्या हिशोबाने नवा बोर्ड जोडून टाकला.

काका धापा टाकत वर आले. झाकण अजून लावायचं होतं. त्यांनी लाल खूण पाहिली, ती बटणांकडे गेलेली पाहिली आणि मान हलवली. फ्यूज लावला. दिवा लागला. दिवा विझला. एरवी ते यानंतर बटण बंद ठेवून होल्डरमध्ये टेस्टर लावून बघायचे. त्या दिवशी नाही बघितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नेहमीप्रमाणे ‘पा. प.’ लिहिलं, स्क्रू आवळले आणि माझ्या पाठीत थाप मारली. “झकास. पळ आता. रिक्षावाला शिव्या देतोय.”

ती नोकरी मला मिळाली.

सव्वा वर्षाने सुमतीबाईंच्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला. बाई शिस्तीच्या. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग स्टुलावर चढल्या. होल्डरला बोट लागलं, झटका बसला आणि बाई खाली पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला, पण पुढे काठीशिवाय त्या चालल्या नाहीत.

काका हॉस्पिटलात गेले. बाई एवढंच म्हणाल्या, “पास्कल, मी बटण बंद केलं होतं रे.” काका तिथून थेट त्यांच्या घरी गेले, बोर्ड उघडला. आत लाल खूण न्यूट्रलवर, आणि झाकणावर त्यांचीच पेन्सिल.

रविवारी मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. पिशवी बाजूला. त्यांनी सगळं सांगितलं. “खूण मीच चुकीची लावली रे. माझ्याशिवाय कोण लावणार? आठवत पण नाही लावताना. आठवतच नाही, बघ.”

त्यांना आठवत नव्हतं, कारण त्यांनी ती लावलीच नव्हती. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. माझी नोकरी नुकतीच पक्की झाली होती. वडिलांनी गावात पेढे वाटले होते. मी तोंड उघडलं, आणि त्यातून जे निघालं ते आजही मला ऐकू येतं.

“होतं काका असं. आता वय झालं तुमचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. मी मोठा ग्रॅज्युएट, मी सांगितलं म्हणजे खरंच असणार, अशी ती मान होती. त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. “घेऊन जा. माझा हात गेला.” महिन्याभरात खोली सोडून ते आणि रोझीमावशी मढला परतले.

कारखाना पुढे मुंबईबाहेर गेला, मी दुकान टाकलं. या वर्षांत मी किती घरांत किती बटणं बदलली याला मोजदाद नाही. प्रत्येक ठिकाणी बटण बंद करून होल्डर तपासतो. दोनदा तपासतो. माझ्याकडे काम करणाऱ्यांना वाटतं, सर फार काटेकोर आहेत. ऐकून घेतो. गुडघे आता स्टुलावर चढताना कुरकुरतात, पण ते काम मी अजून कुणाला देत नाही.

यंदा मढच्या चर्चच्या सणाला गेलो. दरवर्षी जातो, केक आणि मावशींसाठी साडी घेऊन. ही माझी सोय आहे, हे मला कळतं. काका आता सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले आहेत. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर दिव्याच्या बटणावर काळी टेप आडवी-उभी चिकटवलेली. मावशी खिडकीपाशी चार्जिंगच्या दिव्यात मासे साफ करत होत्या.

“मावशी, हे काय?”

“बटण तुटलंय. आठ महिने झाले,” मावशी म्हणाल्या. “बाहेरच्या वायरमनचं काम यांना पसंत नाही. आणि स्वतः हात लावीत नाहीत. सांग तूच. चाळीस वर्षं लोकांच्या घरी उजेड केला आणि माझ्या चुलीवर अंधार.”

काका दारात येऊन उभे होते. “लावू हात? परत कुणाचं हाड मोडू?”

“मी बदलतो ना काका,” मी म्हटलं.

“बदल. पण मला विचारू नको फेज कुठली. मी सांगेन ती खरी मानू नको.” आणि ते अंगणात निघून गेले.

मी गाडीतून स्क्रूड्रायव्हर आणला. टेपचं एक टोक सोडवलं. पुढे हात चालेना. “मावशी, या मापाचं बटण नाही माझ्याकडे, घेऊन येतो,” असं खोटं बोललो आणि ते टोक परत चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंकडे गेलो. अजून त्याच घरात आहेत, सोबतीला दिवसभराची बाई आहे. मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. शेवटी काठी जमिनीवर टेकवून म्हणाल्या, “माझं हाड मोडलं ते मोडलं. बारा वर्षं का लागली तुला?”

मी दाराकडे पाहिलं, जिथे तेव्हा माझा शर्ट टांगलेला होता.

“पास्कलला सांगितलंस?”

“नाही बाई.”

“मग इथे काय करतोयस? मी त्याच्या चुकीबद्दल त्याला कधी बोलले नाही, म्हणून तो दर नाताळला माझी माफी मागायचा फोन करतो. मूर्खा, जा.”

समोरासमोर माझी जीभ कशी वळते ते मला माहीत आहे. म्हणून लिहिलं. पत्र पोस्टात टाकून मग हा लेख पुरा केला. ते पत्र असं:

प्रिय काका,

रोझीमावशींना हे मोठ्याने वाचायला सांगा. त्यांनीही ऐकायला हवं.

सुमतीबाईंच्या बोर्डात तुम्ही खूण लावली नव्हती. तुम्हाला आठवत नाही, कारण आठवायला काही नाहीच. तुम्ही ‘उजवी फेज’ म्हणालात ते बरोबर होतं. मग माझ्यासाठी रिक्षा थांबवायला खाली गेलात. मागे मी बोर्ड ओढला, वायरी मिसळल्या, फ्यूज तुमच्या खिशात होता आणि मला मुलाखतीला उशीर होत होता. बाटली मी उघडली. खूण मी लावली, अंदाजाने. नंतर तुम्ही होल्डर तपासला नाहीत, तेवढंच तुमच्या हातून राहिलं, आणि तेही माझ्या रिक्षासाठी.

तुमचा हात गेला नव्हता. वय झालं असं मी म्हणालो ते खोटं होतं, आणि म्हणताना मला ते माहीत होतं. या वाक्याची माफी मी मागत नाही. ते माफ करण्यासारखं नाही.

सुमतीबाईंना सांगून आलो आहे. त्यांनी मला मूर्ख म्हटलं. येत्या नाताळला तुम्ही त्यांना फोन कराल तेव्हा फक्त सणाच्या शुभेच्छा द्या.

तुमची पिशवी अजून माझ्याकडे आहे. नेलपॉलिश सुकलं होतं. त्याच रंगाची नवी बाटली घेतली आहे. मुंबईभर हिंडलो तेव्हा मिळाली.

रविवारी सकाळी पिशवी आणि बटण घेऊन येतो. मेन मी बंद करीन, स्टूल मी धरीन. त्याआधी फेज तुम्ही शोधा आणि खूण तुम्ही लावा. मी त्यानंतर तपासणार नाही.

दार उघडायचं नसेल तर नका उघडू. पिशवी पायरीवर ठेवून जाईन. पण मावशींच्या चुलीवर उजेड पाहिजे, काका.

तुमचा,
ग्रॅज्युएट